दशरथ घासाचं वर्ष

“घोडी लादायची का तुझ्याबिगर निघायचं, एवढं आज सांग. बापू उद्या उजाडता निघू म्हणतोय.”

हे विहिरीच्या काठावर उभे राहून विचारत होते आणि मी खाली घासात बसून विळ्यानं पाला कापत होते. मान वर न करताच मी म्हणाले, “मॅडमना शब्द दिलाय.”

“शब्द मलाबी दिला हुतास. लग्नात.”

म्हणाले हसतच. पण पायातलं पायताण दगडावर दोनदा आपटलं, माती नव्हती तरी, आणि निघून गेले.

ह्यांचं नाव येताळा. तोंडानं मी कधी घेतलं नाही, इथं लिहिते तेवढंच. मी तानूबाई. सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या वस्तीवर तेव्हा बायकांत तेवढं शिकलेली मी एकटीच, आणि पुढं जे झालं ते त्या सातवीपायीच झालं. तीस-बत्तीस वर्षं होऊन गेली.

आम्ही माणदेशातले मेंढपाळ. दिवाळीचा पाडवा झाला की आमची चार-पाच बिऱ्हाडं एकत्र होऊन मेंढरांसकट कोकणाकडं चालत निघायची. त्या चालत्या बिऱ्हाडांना आम्ही वाडा म्हणतो. फलटणवरून भोर, तिथून वरंध्याचा घाट उतरून महाडच्या बाजूला. भात काढून मोकळ्या झालेल्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचा. जेठ लागायच्या आत माघारी. वाड्याचे कारभारी माझे थोरले दीर, बापू. त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, तिला मी आक्का म्हणायची. म्हातारी सासू तेवढी वस्तीवर राहायची.

लग्न झाल्यापासून सहा वर्षं मी त्या वाटेनं गेले होते. बापयांनी मेंढरं हाकायची, बायकांनी घोड्यांवर संसार लादून पुढं जायचं, मुक्कामाची जागा गाठायची, चूल पेटवायची. लोकांना वाटतं, केवढे हाल. हाल होतेच. पण वस्तीवर चार-पाच महिने सासू आणि थोरल्या दिरासमोर ह्यांच्याशी दोन शब्द बोलायची सोय नसायची, आणि वाटेला लागलं की दिवस मावळायच्या सुमाराला हे कळप घेऊन मुक्कामावर यायचे, घोडीच्या मानेवर हात टाकून उभे राहायचे आणि दिवसभर काय काय पाहिलं ते सांगायचे. पलीकडून मी दावं सोडत ऐकायची. घोडी आमच्या मधे असायची म्हणून कुणाला आम्ही बोलतोय असं वाटायचंही नाही. घाटमाथ्यावर पोचलो की खालून कोकणातला ओलसर वारा यायचा. तिथल्या टपरीवरून हे भज्यांचा पुडा आणायचे, आणि “आक्काला देऊ नगंस” म्हणायचे. मी द्यायचीच.

वाईट होतं ते एकच. कोकरं.

आषाढ-श्रावणात जन्मलेली कोकरं दिवाळीत तीन-साडेतीन महिन्यांची असतात. आयांचं दूध आटत आलेलं, आणि नेमकं तेव्हाच चालायचं. वाटेला वाळलेलं गवत मिळेल तेवढं खायची. पोट टम्म फुगलेलं, आणि पाठीवर हात ठेवला तर मणका बोटाला टोचायचा. जे चालेना ते घोडीवरच्या जाळीत घालायचं. नुसतं डोकं बाहेर. आदल्या वर्षी घाट उतरताना तसलं एक कोकरू मी ओटीत घेऊन चालले होते. निम्म्या घाटात ते गेलं. पोटाला हात लावला तर पोट भरलेलं. मी बापूंना म्हणाले, “हे उपाशी न्हाय मेलं.” बापू म्हणाले, “दरसाल जात्यात. घे, फुडं चल.”

त्या पावसाळ्यात निकुंभ मॅडम लूनावरून वस्तीवर आल्या. सरकारी मेंढी फार्मवर नव्या लागलेल्या, खानदेशाकडच्या, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायच्या. बापूंनी त्यांना चहा दिला आणि ऐकून घेतलं नाही. मी ऐकलं. जाळीतल्या कोकराचं त्यांना सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, “गवतानं पोट भरतं, ताई. पण वाढत्या कोकराला अंग धरायला जे लागतं, ते वाळलेल्या गवतात फार थोडं असतं. शेंगवर्गातल्या पाल्यात असतं. घास, शेवरी, भुईमुगाचा पाला. तो थोडा जरी रोज पोटात गेला ना, तर मग गवतसुद्धा अंगी लागतं.”

“थोडा म्हणजे किती?”

त्यांनी पिशवीतून वही काढली. “तेच तर बघायचंय. लिहिता येतं तुम्हाला?”

दशरथ घास नावाच्या चाऱ्याचं बी त्यांनी दिलं. मोहरीपेक्षा जरा मोठं, चपटं, चकचकीत. उकळी उतरलेल्या पाण्यात घालायचं, मग रात्रभर गार पाण्यात, मग पेरायचं. सासू म्हणाली, “बी शिजवून कुणी पेरतं व्हय?” मी विहिरीशेजारच्या दहा गुंठ्यांत पेरलं. आठ-दहा दिवसांत उगवलं. चिंचेसारखा बारीक पाला, दिवस मावळला की मिटणारा. दिवाळीपर्यंत कमरेएवढा झाला.

मॅडमचा बेत असा होता. दूध तुटलेली तीस कोकरं वस्तीवर ठेवायची. पंधरांना पोटभर डोंगरी गवत. दुसऱ्या पंधरांना तेच गवत, आणि वर दशरथ घासाचा पाला, एक दिवस सुकवलेला, मोजून. नव्वद दिवस. दर गुरुवारी सकाळी चारा टाकायच्या आधी वजन. बाकीची पंचवीस कोकरं नेहमीसारखी वाड्याबरोबर. कोकरं सांभाळायला कुणीही चाललं असतं. काटा वाचायला आणि लिहायला मी हवी होते.

हे “जा” म्हणाले नाहीत आणि “राहा” म्हणाले नाहीत. बापू चिडले. आक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुला कटाळा आला का गं वाटंचा?”

“न्हाय आक्का. एक साल. बघू तर.”

सकाळी वाडा निघाला. माझ्या घोडीचं दावं आक्कानं धरलं. हे सगळ्यांत मागं, खांद्यावर घोंगडं. खिंडीपर्यंत मी गेले. हे थांबले, म्हणाले, “म्हातारीला सांभाळ.” आणि मग म्हणाले, “तूबी जेवत जा.”

मी माघारी आले. तीस कोकरं आया गेल्या म्हणून ओरडत होती. दोन दिवस ओरडली. तिसऱ्या दिवशी गप्प झाली. मला जास्त दिवस लागले.

दोन वाघरी लावल्या होत्या. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण. मधे वावभर वाट. पहिल्या दोन गुरुवारी काही फरक दिसला नाही. लिंबाच्या फांदीला ताणकाटा बांधलेला, त्याला पोत्याची झोळी, झोळीत कोकरू. मी आकडा वाचून वहीत लिहायची. साडेदहा. अकरा. पावणेअकरा. तिसऱ्या गुरुवारी पाल्याकडच्या कोकरांना झोळीत उचलताना माझ्या दंडाला कळलं, काट्याच्या आधी. महिना झाला तेव्हा तर आंधळ्यालाही समजलं असतं. पाल्याकडची लोकर मऊ, डोळा चमकता, उड्या मारायची. गवताकडची उभी राहायची. खायची, रवंथ करायची, आणि मधल्या वाटेपलीकडं बघत उभी राहायची. पाला टाकला की तिकडच्या जाळ्याला तोंडं लावायची.

मला ते बघवेना.

तेरा नंबरचं एक काळ्या तोंडाचं कोकरू होतं. पलीकडून पाल्याचा वास आला की ते माझ्या लुगड्याचा काठ तोंडात धरायचं. एक दिवस मी मूठभर पाला त्याच्या तोंडाशी धरला. मग रोजच. सासूला दिसू नये म्हणून पदराखालून.

पुढच्या गुरुवारी मॅडम स्वतः आल्या होत्या. वही बघता बघता त्यांचं बोट थांबलं.

“तेरा नंबर एका आठवड्यात पाऊण किलो वाढलं? बाकीची गवतावरची पाव किलोसुद्धा नाहीत.”

मी काटा पुसत राहिले.

“तानूताई.”

“मी घातला पाला,” मी म्हणाले. “सहा दिवस. मूठ-मूठ.”

मला वाटलं, आता ओरडतील. त्या तिथंच दगडावर बसल्या. म्हणाल्या, “तुम्हाला वाटतं का, मला या पंधरांकडं बघायला बरं वाटतं?”

“मग घालू द्या की सगळ्यांना. दिसलंय आपल्याला.”

“आपल्याला दिसलंय. तुमच्या दिरांना दिसलंय का? ही पंधरा जे खातात तेच तुमच्या सगळ्या तालुक्यातली कोकरं खातात. शेजारी शेजारी फरक दिसला नाही, तर मी कितीही बोलले तरी लोक चहा देतील आणि निरोप देतील.” त्यांनी वहीत तेरा नंबरवर रेघ ओढली. “हे आता मोजणीत नाही. याला काय हवं ते घाला. पण बाकीच्या चौदांना नाही. जमेल?”

“जमवते,” मी म्हणाले.

जमवलं. त्या चौदांना पाणी दाखवताना मी त्यांच्याकडं बघायचीच नाही.

संक्रांतीच्या आधी दहा दिवस ह्यांचं कार्ड आलं. ह्यांना लिहिता येत नव्हतं. तिकडच्या कुणा मास्तरांनी लिहून दिलेलं, अक्षर मोत्यासारखं. ‘सौ. तानूबाई हिस येताळा याचा आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. मुक्काम बिरवाडीजवळ आहे. संक्रांतीस चार दिवस ये. फाट्यावर उतर. घोडी दुसऱ्या कोणास पाठीवर ओझे नीट ठेवू देत नाही.’ एवढंच.

मी ते कार्ड इतक्यांदा वाचलं की सासू म्हणाली, “मोठ्यानं तरी वाच, मलाबी कळू दे.” मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, “जा की मग. चार दिवसांनी काय आभाळ पडतंय.”

मॅडमनाही सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, “जा ना. मी फार्मवरचा माणूस पाठवते. एक गुरुवार तो घेईल वजन.”

माझं गाठोडं बांधून झालं होतं. तिळाचे लाडू केले होते, ह्यांच्यासाठी बंडी शिवून घेतली होती. निघायच्या दिवशी सकाळी फार्मवरचा माणूस आला. त्याला मी सगळं दाखवलं, पाला किती, केव्हा तोडायचा, किती सुकवायचा. तो “हो हो” म्हणत होता आणि बोलता बोलता त्यानं दोन पेंढ्या तशाच ओल्या, न मोजता आत टाकल्या. “तेवढ्यानं काय होतंय बाई,” म्हणाला.

कशानं तसं झालं, नीट सांगता येत नाही. दोन महिन्यांत त्या कोकरांच्या अंगावर चढलेला पावशेर न् पावशेर माझ्या हातून चढलेला होता. शेवटचे चार गुरुवार राहिले होते. काम माझं होतं, पहिल्यांदाच माझं एकटीचं, आणि त्याचा मला गर्व झाला होता असं आता म्हणावं लागेल. तेव्हा मला तो गर्व वाटला नाही. तेव्हा वाटलं, चार दिवसांत ह्यानं सगळं मातीत घातलं तर त्या चौदांना मी गवतावर ठेवलं ते फुकट. मी त्या माणसाला परत पाठवलं आणि गाठोडं सोडलं.

कार्ड लिहिलं. आत्ता येणं होत नाही, कोकरं सोडून जाता येत नाही, राग धरू नये. आणि खाली जागा उरली होती म्हणून, कार्डात शेवटी काहीतरी गोड लिहायचं असतं म्हणून, आणखी एक ओळ लिहिली. पोस्टाची पेटी चार मैलांवर. बाजाराच्या दिवशी जाऊन टाकलं.

नव्वद दिवस पुरे झाले. गवतावरच्यांची सरासरी साडेतेरा किलो, पाल्यावरच्यांची अठरा. मॅडमनी तो आकडा दोनदा मोजला आणि माझ्या पाठीवर थाप मारली, इतक्या जोरानं की वही पडली. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं बघायला आली. कोकरांना हात लावून बघायची, लिंबाखाली बसायची, बी कुठं मिळतं विचारायची. त्या दुपारपासून मी सगळ्यांनाच पाला चालू केला. गवतावरच्या चौदांनी पहिल्या दिवशी पाला बघून काही केलं नाही, नुसती उभी राहिली. मग एकानं तोंड घातलं.

जेठ लागायच्या तीन दिवस आधी वाडा माघारी आला. खिंडीतून घंटा ऐकू आल्या तशी मी पळत सुटले. हे रोड झाले होते. दाढी वाढलेली, आणि तळपायाला भेग. बरोबर गेलेल्या पंचवीस कोकरांतली अकरा वाटेत गेली होती.

घोडी सोडायच्या आधी हे वाघरीकडं गेले. ह्यांच्या हातात ताणकाटा होता म्हणा ना. कोकरू उचललं की आकडा सांगायचे, अर्ध्या किलोचा फरक पडायचा नाही. ह्यांनी एक उचललं. खाली ठेवलं. दुसरं उचललं.

“किती?” मी विचारलं.

“सव्वीस.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “हे आपलंच हाय का गं?”

बापूही आले, फिरून फिरून बघून गेले. संध्याकाळी दोघं भाऊ बराच वेळ लिंबाखाली बोलत बसले होते. मग हे माझ्याकडं आले. मी भाकरी थापत होते. चुलीजवळ उकिडवे बसले, जे ते वस्तीवर कधी करत नसत.

“बापू इचारतोय, फुडल्या दिवाळीला काय? तू म्हणशील तसं.”

आणि मी, तव्यावरची भाकरी उलटत, जरासुद्धा न थांबता म्हणाले, “ऱ्हाऊ. अकरा मेली तिकडं. इथं एकबी न्हाय. दहा गुंठ्यांवर तीस जगली, एकरभर पेरलं तर सगळी जगतील. आता कशाला जायचं?”

ते जाळाकडं बघत होते. “बरं,” म्हणाले. उठले आणि बाहेर गेले.

चार महिन्यांनी भावाभावांनी मेंढरं वाटून घेतली. घोडी बापूंच्या वाड्यात गेली. आम्ही एकरभर दशरथ घास केला, बांधावर शेवरी लावली, पुढं पत्र्याचं शेड झालं. आमची कोकरं बाजारात लोक लांबून ओळखायचे. वस्तीवर राहिले म्हणून असेल नसेल, पण दोन वर्षांत मुलगी झाली, मग मुलगा. मुलगी नर्स आहे, मुलगा मेंढ्यांच्या दवाखान्यात औषधं देतो. निकुंभ मॅडम बदली होऊन गेल्या, तरी मुलीच्या लग्नाला आल्या होत्या. मी खोटं कशाला बोलू, मी निवडलं ते बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन, वाढत्या कोकराला नुसत्या गवतावर ठेवू नका.

पण दर दिवाळीला पाडव्यानंतर बापूंचा वाडा आमच्या दारावरून निघायचा, आणि त्या दिवशी ह्यांना विहिरीपलीकडं काहीतरी काम निघायचं. मी दारात उभी राहायची. घोड्या जायच्या, जाळीतून कोंबड्यांची डोकी दिसायची, मागं धुळीत मेंढरं. मी घरात जाऊन उगीच भांडी घासायची. संध्याकाळी हे जेवताना म्हणायचे, “आज फलटणच्या अलीकडं पडला असंल मुक्काम.” मी म्हणायची, “व्हय.” चार दिवसांनी, “भोर गाठलं असंल.” मग, “आता घाट.” त्याच्यापुढं आम्ही कोणी बोलत नसू. बत्तीस दिवाळ्यांत एकदाही मी म्हणाले नाही, की घाटमाथ्यावर उभं राहावं असं मला वाटतं. कशी म्हणणार? ‘कशाला जायचं’ असं विचारलं होतं ते मीच.

बापू गेल्याला सहा वर्षं झाली. पुतण्या वाडा नेतो. मागच्या दिवाळीत आक्काचे गुडघे धरले आणि तिला पहिल्यांदाच मागं राहावं लागलं. पुतण्या तिला आमच्याकडं सोडून सकाळी निघाला. आम्ही दोघी ओट्यावर बसून वाडा जाताना बघितला. शेवटचं मेंढरू नजरेआड झालं तशी आक्कानं पदरानं नाक पुसलं.

मी म्हणाले, “रडू नका. मलाबी असंच वाटलं हुतं त्या साली.”

“तुला वाटलं हुतं?” आक्का माझ्याकडं बघत राहिली. “मला तर वाटायचं, तू सुटलीस म्हणून खूश हुतीस. आन् तुझ्या दादल्याची काय दशा केलीस. संक्रांतीला.”

“काय केली?”

“आता तुला ठावं न्हाय म्हणतीस?”

मला खरंच ठाऊक नव्हतं. आक्कानं सांगितलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ह्यांनी घोडी नदीत नेऊन धुतली, तिच्यावर नवी झूल घातली आणि सकाळच्या गाडीला फाट्यावर गेले. दिवस मावळता माघारी आले. “उद्याच्या गाडीनं येईल,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. बापूंनी शिव्या घातल्या, मेंढरं कुणी राखायची म्हणून. चौथ्या दिवशी मास्तरांनी माझं कार्ड आणून वाचून दाखवलं.

“मी म्हणलं, आता हा जेवत न्हाय दोन दिवस,” आक्का म्हणाली. “तर हा हसतोय. सगळ्या वाड्यात सांगत सुटला, फुडल्या वर्षी नक्की येतीया, तिनं सोता लिवलंय. मास्तराकडनं ती वळ दोनदा वाचून घेतली. मग पार चैत्रापतूर त्याचं एकच. ह्या ओढ्याला चांगलं पानी हाय, फुडल्या वर्षी तानूला हितं मुक्काम करायला सांगू. ह्या झाडाखाली चूल बरी पडंल. मला तर वीट आला.”

कार्डाच्या खाली उरलेल्या जागेत मी काय लिहिलं होतं ते मला तेव्हा आठवलं. बत्तीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. भाकरी उलटताना तर नव्हतंच नव्हतं.

मी उठले. हे विहिरीपलीकडं घास कापत होते.

“चला,” मी म्हणाले.

“कुठं?”

“खिंडीपतूर.”

ह्यांनी विळा बांधावर ठेवला. का म्हणून विचारलं नाही. आम्ही चालायला लागलो. वाटेवर ताज्या लेंड्या, घोड्यांच्या टापा. खिंड पाऊण मैल. पूर्वी मी पळत जायची, आता दोन ठिकाणी बसले. वर पोचलो तेव्हा वाडा पलीकडं उतारावर खाली दिसला. पुढं पाच घोड्या, पुतण्याची सून पहिल्या घोडीचं दावं धरून चाललेली. घंटा अजून ऐकू येत होत्या.

दगडावर बसलो. मी विचारलं, “त्या साली वाडा माघारी आल्यावर मी ऱ्हाऊ म्हणाले, तवा तुम्ही बोलला का न्हाई?”

“काय बोलायचं? तुझं खरं हुतं. अकरा कोकरं म्या माझ्या हातानं पुरली हुती.”

“ते न्हाय. मी कार्डात लिवलं हुतं. फुडल्या वर्षी येते म्हणून.”

ह्यांनी पायाजवळचा एक खडा उचलून उतारावर टाकला. “आक्कानं सांगितलं व्हय,” म्हणाले. मग म्हणाले, “लिवलं हुतंस.”

“मला यायचं हुतं,” मी म्हणाले. “त्या सालीबी, आन् त्याच्या फुडंबी. दर दिवाळीला.”

“ठावं हाय.”

“ठावं हुतं? मग कधी म्हणला का न्हाय?”

“म्या वाट बघत हुतो, तू म्हणशील.”

खाली घोड्या वळणाआड गेल्या, मग मेंढरं, मग कुत्री. घंटा थांबल्या की आम्हाला ऐकू यायच्या थांबल्या, कळलं नाही. धूळ तेवढी राहिली.

हे उठले आणि मला हात दिला. मी उठले तरी सोडला नाही. वस्ती आमच्या पाठीमागं होती, आणि ऊन चढायला लागलं होतं. आम्ही तसेच पुढं, पलीकडच्या उतारावर, पन्नास-साठ पावलं चालत गेलो. मग माघारी फिरलो.